इथे घोषणा होत नाहीत

दारावर तीन भाषांत लिहिलंय:
या दालनात घोषणा होत नाहीत.
आपलं विमान आपणच लक्षात ठेवावं.

शांतता विकत मिळते
हे मला इथे नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं.
आमच्या हाकुनिलाच्या इमारतीत
वरच्या मजल्यावरचा खोकलासुद्धा फुकट ऐकू येतो.

मी होदान. उष्टी काढते.
करारात भारदस्त काहीतरी लिहिलंय,
पण आईला मी एवढंच सांगते.
अर्धवट टोकरलेला मासा, दात लागलेला राय ब्रेड,
एक घोट घेऊन विसरलेली शॅम्पेन.
इथे येणाऱ्याला भूक नसते,
आपल्यासाठी मांडलंय ना, एवढं बघायचं असतं.

आज तीनच्या सुमाराला
(हेलसिंकीत डिसेंबरचे तीन, म्हणजे मिट्ट काळोख)
एक म्हातारा आला
आणि त्याने दाराशीच बूट काढले.
जोडीने, भिंतीला लावून, घरी ठेवावेत तसे.
लोकरीच्या मोज्यांत, अंगठ्याला रफू,
तो गालिच्यावरून चालला
आणि रांग नसताना रांग शोधू लागला.

सूप एक पळी.
कितीला, म्हणाला.
काही नाही, म्हटलं.
माझ्याकडे बघितलं असं, की मीच काहीतरी लबाडी करतेय.
मग वाडगा ब्रेडने पुसून लख्ख केला,
स्वतः घेऊन आला,
विसळायला नळ कुठाय विचारलं.

ओर्वो त्याचं नाव.
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर एकतीस वर्षं स्वयंपाकी.
ओसाकाला निघालेला, मुलीकडे,
तेरा तास. नऊ वर्षांनी.
मुलगी म्हणाली, बाबा, पाय पसरून या.
ते 'पाय पसरून' त्याने असं सांगितलं
की जणू तिने त्याला काही अचकट शिकवलं होतं.

तुम्ही कुठल्या?
हाकुनिलाची.
आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी ट्रे सावरला.
नाही, तसं नाही, मुळातल्या कुठल्या?
तो म्हणाला,
तिकडची बस थंडीत फार उशिरा येते.

मग तो झोपला.
तोंड उघडं, हातात बोर्डिंग पास,
काचेपलीकडे गाड्या
विमानांच्या पंखांवर गरम फवारे मारत होत्या.
पडद्यावर ओसाका हिरवं झालं. मग पिवळं.
मग लुकलुकायला लागलं.

नियम आहे: प्रवाशाला हात लावायचा नाही.

मी सहा वर्षांची होते तेव्हा
नैरोबीच्या विमानतळावर तीन रात्री झोपले होते,
आईच्या चपला उशाला.
चौथ्या पहाटे भोंग्यातून आमचं नाव आलं,
मोडकं, उलटसुलट, कुणा भलत्याच घराण्याचं वाटावं असं.
आई तरी ताडकन उठली.
तशी धावताना मी तिला पुन्हा कधी बघितली नाही.

ओर्वो!
माझा आवाज त्या गालिच्यावर
बशी फुटावी तसा पडला.
लॅपटॉपवरची डोकी वर आली.
एका बाईने कानातलं काढून आजूबाजूला बघितलं.

तो उठला, सुटला,
दाराशी बूट उचलले आणि हातात घेऊनच पळाला,
मोज्यांत, एकतीस वर्षं डुलत्या डेकवर
तोल सांभाळलेला माणूस,
सरळ जमिनीवर मात्र झोकांड्या खात.

रीक्का, आमची साहेबीण, काउंटरमागून म्हणाली,
इथे घोषणा होत नाहीत, होदान.
घोषणा नव्हती, म्हटलं. हाक मारली.
तिने काहीतरी टिपून घेतलं.

त्याच्या टेबलाशी गेले.
खुर्चीतली उशी झटकून सरळ ठेवलेली,
केव्हा ठेवली कोण जाणे.
बशीखाली दोन युरोचं नाणं.
शेजारच्या टेबलावर केकचा तुकडा होता,
एकाच बाजूने चाखलेला.
तो मी उचलला, आणि
पुढच्या टेबलाकडे वळले.